रॉकेटच्या वाटेखालची गावं आणि होड्या: उड्डाणाच्या दिवशी नेमकं काय करायचं?

खाडीकाठ

श्रीहरिकोट्याच्या उड्डाणाच्या बातमीत रॉकेट दिसतं, टाळ्या दिसतात. त्या दिवशी दर्यात कुणी जायचं नाही, कुठवर नाही आणि किती वाजल्यापासून नाही, हे मराठीत एका जागी सापडत नाही. चेन्नईहून उड्डाण बघायला जाणारी मराठी मंडळी कमी नाहीत. शिवाय तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमचं नवं प्रक्षेपण केंद्र उभं राहतंय. म्हणून हा धागा. विनंती एकच, माहिती नेमकी द्या. "डोक्यावर पडलं तर" छाप धुरळा नको.

आधी भूगोल. श्रीहरिकोटा हे बेट आहे. पश्चिमेला पुलिकतचं खारं सरोवर, पूर्वेला थेट बंगालचा उपसागर. मुख्य रस्ता सुळ्ळूरपेटहून सरोवरातल्या बांधावरून जातो आणि तो पासाशिवाय बंद. त्यामुळे जमिनीच्या बाजूने सामान्य माणूस धोक्याच्या जवळ फिरकूच शकत नाही. सगळा प्रश्न पाण्याचा. दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर तमिळनाडूतलं पळवेर्काडू आहे, तिथल्या आणि आंध्रच्या किनाऱ्यावरच्या होड्या हाच खरा विषय.

दिगंश_१४०

चांगला धागा. रॉकेटची वाट कशी आखतात ते सांगतो, म्हणजे पुढच्या सूचना का तशा असतात ते कळेल.

उड्डाण चालू असताना सुरक्षा अधिकारी रॉकेट कुठे आहे यापेक्षा "आत्ता या क्षणी इंजिन बंद पडलं तर तुकडे कुठे पडतील" हा बिंदू बघत असतो. त्याला तात्कालिक पतनबिंदू म्हणू. उड्डाणाच्या पहिल्या काही सेकंदांत हा बिंदू तळाच्या आसपास असतो, मग किनारा सोडून समुद्रावर सरकतो आणि पुढे सुसाट पळतो. हा बिंदू वस्तीवरून जाऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठी रॉकेट वाकडी वाट धरतं.

इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट हे त्याचं नमुनेदार उदाहरण. ध्रुवीय कक्षेसाठी खरं तर सरळ दक्षिणेला जायला हवं, पण त्या वाटेवर श्रीलंका आहे. म्हणून ते 140 अंशांच्या दिशेने, म्हणजे आग्नेयेला निघतं आणि बेट मागे पडल्यावर दक्षिणेकडे वळतं. या वळणात इंधन जातं, तेवढा उपग्रहाचा भार कमी होतो. लहान रॉकेटला हा भुर्दंड फारच जड. तूतुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टणमला एसएसएलव्ही या लहान रॉकेटसाठी दुसरं केंद्र काढलं (पायाभरणी 28 फेब्रुवारी 2024) त्याचं मुख्य कारण हेच. तिथून दक्षिणेला मोकळा हिंदी महासागर आहे.

रॉकेट ठरलेल्या पट्ट्याबाहेर जातंय असं दिसलं की ते तोडतात. यात हवेत मोठा स्फोट घडवायचा नसतो. घन इंधनाच्या नळकांड्याच्या अंगावर लांबट छेदक स्फोटकाची पट्टी असते, ती कवच उभं चिरते. आतला दाब सुटतो आणि ढकल संपते. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, म्हणून चिरणं हाच उपाय.

25 डिसेंबर 2010 चं इस्रोच्या जीएसएलव्ही-एफ06 रॉकेटचं उड्डाण आठवा. 47 व्या सेकंदाच्या सुमारास वरच्या भागातली जोडणीची कनेक्टरं निसटली, खालच्या चार इंजिनांना वळायचे हुकूम पोचेनात, नाक भलतीकडे गेलं, रॉकेट मोडू लागलं. 64 व्या सेकंदाला तोडायचा हुकूम दिला. तुकडे उपसागरात पडले. कुणालाही ओरखडा नाही, कारण त्या पाण्यात होडी नव्हती.

निरांजन

म्हणजे ती रिकामी जागा हीच खरी ढाल?

दिगंश_१४०

तेच. अमेरिकेतला परवान्याचा निकष आकड्यात आहे. एका उड्डाणात सर्व लोकांना मिळून इजेची अपेक्षा 10,000 मध्ये 1 पेक्षा जास्त नको आणि कुठल्याही एका माणसासाठी दहा लाखांत 1 पेक्षा जास्त नको. हा हिशेब मनाई क्षेत्र रिकामं आहे असं धरून जुळतो. आत एक होडी घुसली की तो कोलमडतो.

म्हणून होडी दिसली की उड्डाण थांबवतात. अमेरिकेत वॉलॉप्सला 27 ऑक्टोबर 2014 रोजी एक शिडाची होडी क्षेत्रात शिरली, अँटारेस रॉकेटचं उड्डाण रद्द झालं. त्या होडीवाल्याला लोकांनी काय काय बोल लावले असतील! दुसऱ्या दिवशी तेच रॉकेट पंधराएक सेकंदांत बिघडलं आणि तळाशेजारी कोसळून फुटलं.

दर्यासारंग

आता सूचना कशी वाचायची ते. इथेच सगळं बिनसतं, म्हणून जरा लांबण लावतो.

सूचना दोन. विमानांसाठी नोटॅम. जहाजांसाठी नॅव्हएरिया इशारा. आपला पट्टा नॅव्हएरिया 8, त्याचा समन्वय देहरादूनचं जलालेखन कार्यालय करतं. मोठ्या जहाजाला तो उपग्रहावरून आणि 518 किलोहर्ट्झच्या नॅव्हटेक्स या रेडिओ यंत्रावर छापील मिळतो. फायबरच्या होडीत नॅव्हटेक्स कुठला? तिला मत्स्यखातं, सागरी पोलीस, गावचे पंच आणि व्हॉट्सॲप यांच्यावर अवलंबून राहावं लागतं. या साखळीत मूळ मजकुराचं भाषांतर होतं, मग कुणीतरी त्याचं "सोपं" करतं, आणि त्यात तीन चुका ठरलेल्या.

चूक पहिली, अंश-मिनिटं. इशाऱ्यात 13-45 उत्तर असं लिहिलेलं असतं. म्हणजे 13 अंश 45 मिनिटं. कुणी ते मोबाइलच्या नकाशात 13.45 असं टाकलं की घात झाला. 45 मिनिटं म्हणजे पाऊण अंश, बरोबर आकडा 13.75. फरक 0.30 अंशाचा, म्हणजे 18 सागरी मैल, म्हणजे 33 किलोमीटर. नकाशावर बघा: 13-45 हे जवळपास प्रक्षेपण तळासमोरचं पाणी, आणि 13.45 म्हणजे पळवेर्काडूच्या तोंडाजवळ. चुकीचा आकडा टाकणाऱ्याला वाटणार की धोका आपल्या दारात आहे आणि तळासमोर मोकळं आहे! जीपीएसच्या सेटिंगमध्ये अंश-मिनिटं-दशांश हा प्रकार निवडा आणि आकडा जसाच्या तसा भरा. मनातल्या मनात बदलू नका.

चूक दुसरी, वेळ. इशाऱ्यात वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. 0330 ते 0730 लिहिलं असेल तर आपले सकाळी 9 ते दुपारी 1.

चूक तिसरी, एक तारीख धरून बसणं. इशाऱ्यात पुष्कळदा मुख्य दिवसासोबत राखीव दिवस असतात. उड्डाण पुढे ढकललं की तेच क्षेत्र दुसऱ्या दिवशी पुन्हा लागू होतं.

क्षेत्र एकच नसतं, हेही ध्यानात ठेवा. पहिलं तळाभोवतीचं वर्तुळ, इस्रोच्या सूचनांत त्याची त्रिज्या साधारण 10 सागरी मैल (साडेअठरा किमी) असते. मग रॉकेटच्या वाटेवर एकेक टप्पा (जळून सुटलेला रॉकेटचा भाग) पडायच्या जागा, चौकोनांच्या कोपऱ्यांचे आकडे देऊन. त्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर लांब. सकाळी जाऊन दुपारी परतणाऱ्या होडीला फक्त वर्तुळाशी देणंघेणं. पण आठ-दहा दिवस बाहेर राहणाऱ्या ट्रॉलरने पुढचे चौकोनही निघण्याआधी उतरवून घ्यावेत. बाहेर गेल्यावर व्हॉट्सॲप पोचत नाही.

कोळंबी

सारंगदादा, बाहेर पडायला किती वेळ धरायचा? "वेळेत निघा" असं सगळे सांगतात, वेळ कुणी सांगत नाही.

दर्यासारंग

हिशेब करा. आउटबोर्ड इंजिनाची फायबर होडी मासळी भरलेली असताना 6 नॉट (तासाला 6 सागरी मैल) धरू. वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत 10 मैल, म्हणजे 1 तास 40 मिनिटं. जाळं पाण्यात असेल तर ते ओढायला तास-दीड तास. वारा-लाटा विरुद्ध असल्या तर आणखी अर्धा तास. इंजिन एकदा रुसणार हे धरूनच चाला. म्हणून मनाईची वेळ सुरू होण्याआधी 4 तास शेवटचं जाळं उचलायला घ्यायचं. सकाळी 9 ची मनाई असेल तर पहाटे 5. त्या रात्री जाळं लावूच नये, हे त्याहून बरं.

वेळ मनाई सुरू होण्याची धरायची, उड्डाणाची नव्हे. टीव्हीवर उड्डाण 9 वाजून 17 मिनिटांनी म्हणतात म्हणून सव्वानऊपर्यंत आत राहायचं, हा प्रकार सर्रास चालतो.

इंजिन खरंच बंद पडलं तर लपून बसू नका. व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल 16 वर जागा सांगा, नाहीतर तटरक्षक दलाला 1554 किंवा सागरी पोलिसांना 1093 लावा. दंडाच्या भीतीने गप्प बसणारी होडी रडारवर दिसली नाही तर सगळ्यात वाईट. लाकडी आणि फायबरच्या होड्या रडारवर फार पुसट दिसतात. काठीला बांधलेला धातूचा परावर्तक असेल तर उभा करा.

निरांजन

आणि रॉकेट गेलं की लगेच आत यायला हरकत नाही ना?

दिगंश_१४०

हरकत आहे. पीएसएलव्हीचे जमिनीवर पेटवलेले बाजूचे बूस्टर 70 व्या सेकंदाच्या आसपास सुटतात. रॉकेट डोळ्याआड झालं तरी ते अजून खालीच येत असतात. उड्डाण फसलं तर आणखी वाईट: जड तुकडे चटकन पडतात, पण उष्णतारोधकाचे पापुद्रे, पातळ पत्रे वाऱ्यावर तरंगत खूप वेळ उतरत राहतात. इशाऱ्यातली वेळ संपेपर्यंत किंवा रद्द झाल्याचं अधिकृत सांगेपर्यंत बाहेरच.

रसायनी

तुकड्यांपेक्षा मला धुराची जास्त काळजी, म्हणून माझे दोन पैसे.

रॉकेटमध्ये काय भरलंय त्यावर काळजी ठरते. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात 139 टनांच्या आसपास घन इंधन. त्यात दोन तृतीयांशाहून जास्त अमोनियम परक्लोरेट, त्यामुळे धुराच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा हायड्रोजन क्लोराइड. बहुतेक सगळा धूर वाटेवर वर पसरतो, तळाजवळ राहतो तो पहिल्या काही सेकंदांचा. पण पाऊस पडत असेल तर तो आम्ल होऊन उतरतो. केनेडी अवकाश केंद्रात शटलच्या तळाशेजारच्या उथळ पाण्यात उड्डाणानंतर मासे मेल्याची नोंद आहे. जवळच्या गावांनी उड्डाणाच्या दिवशी पिण्याच्या पाण्याच्या उघड्या टाक्या झाकाव्यात. दहा मिनिटांचं काम आहे.

खरं विष दुसऱ्या टप्प्यात. तिथे यूएच-25 (तीन भाग यूडीएमएच हे हायड्रॅझिन कुटुंबातलं द्रव इंधन, एक भाग हायड्रॅझिन हायड्रेट) आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड. एलव्हीएम-3 या मोठ्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यातही हीच जोडी, शंभर टनांच्या वर. ही दोन द्रव्यं एकमेकांना भेटताच पेटतात, ठिणगी लागत नाही. उड्डाण सुरळीत झालं तर ती वर जळून जातात. पहिल्याच मिनिटात घोटाळा झाला तरच गावाशी संबंध.

ओळखायचं कसं? टेट्रॉक्साइडची वाफ तांबूस-तपकिरी, विटेच्या भुकटीसारखी. हायड्रॅझिन कुटुंबाची वाफ दिसत नाही, वास अमोनियासारखा किंवा सडक्या मासळीसारखा. आता कोळीवाड्यात मासळीच्या वासाने कोण सावध होणार! त्यातून गोम अशी की हायड्रॅझिनचा वास नाकाला 3-4 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 3-4 भाग) कळतो आणि कामगारांसाठी शिफारस केलेली मर्यादा 0.01 पीपीएम आहे. वास आला म्हणजे आधीच फार झालं.

दोन्ही वाफा हवेपेक्षा जड. खोलगट जागा, ओहोळ, होडीचा तळ इथे साचतात. म्हणून वाऱ्याच्या आडव्या दिशेने सरकून वाऱ्याच्या वरच्या अंगाला (वारा जिकडून येतो तिकडे) आणि उंचावर जायचं. ओल्या फडक्यावर भरवसा ठेवू नका, ते धूळ अडवतं, वाफ अडवत नाही. बाहेर जाणं शक्य नसेल तर घरात, दारं-खिडक्या बंद, एसी आणि कूलर बंद. कूलर लोक विसरतात, आणि तोच बाहेरची हवा जोराने आत ओढतो.

आयसीयू_नाइट

डॉक्टरच्या अंगाने पुरवणी. टेट्रॉक्साइडच्या तांबड्या वाफेत सापडलेला माणूस सुरुवातीला ठणठणीत वाटतो. थोडा खोकला, डोळे चुरचुरणं, मग बरं. फुप्फुसात पाणी काही तासांनी भरतं, कधी दुसऱ्या दिवशीही. त्यामुळे "बरं वाटतंय" म्हणून घरी पाठवू नका, निदान 24 तास दवाखान्यात नजरेखाली ठेवा. धावपळ, जिना, ओझं बंद.

अंगावर द्रव उडाला असेल तर कपडे काढून भरपूर पाण्याने किमान 15 मिनिटं धुवा, डोळेही. काढलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाहेर ठेवा, गाडीत घेऊ नका. आणि डॉक्टरांना "गॅस लागला" एवढंच न सांगता "रॉकेटचं इंधन, हायड्रॅझिन" हे शब्द सांगा. हायड्रॅझिनने झटके येतात, त्यावर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-6 शिरेतून देतात. नाव कळलं नाही तर हे कुणाच्या डोक्यात येणार नाही.

वैदर्भी

समुद्र नसलेल्यांचं काय? 2 एप्रिल 2022 ला संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपास गोळेही सापडले.

दिगंश_१४०

ताई, ते प्रकरण वेगळं. ते उड्डाणाच्या वाटेवरचं नव्हे. चीनच्या चँग झेंग 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा 2021 पासून पृथ्वीभोवती फिरत होता, तो अनियंत्रित खाली आला, असं अभ्यासकांनी सांगितलं. अशा पुनरागमनात घड्याळात काही मिनिटांची चूक म्हणजे जमिनीवर हजारो किलोमीटर. तिथे मनाई क्षेत्र आखताच येत नाही. पण जमिनीवर पडलेल्या तुकड्याशी कसं वागायचं, हा नियम दोन्हीकडे एकच.

रसायनी

लाडबोरीत लोक त्या कड्याभोवती जमले, हात लावून फोटो काढले. कडं होतं म्हणून निभावलं. गोळ्यांचं तसं नाही. काळ्या धाग्यांनी गुंडाळलेला किंवा चकचकीत धातूचा, फुटबॉलपासून मोठ्या माठाएवढा गोळा दिसला तर ती दाबाची टाकी समजा. हीलियमची असली तर आत शेकडो बार दाब धरून ठेवायला बनवलेली. इंधनाची असली तर आत उरलंसुरलं हायड्रॅझिन. ठोकू नका, कापू नका, पाण्यात टाकू नका. भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. गॅस कटर लावला की खेळ खलास.

वैदर्भी

मग क्रम कसा ठेवायचा?

रसायनी

वाऱ्याच्या वरच्या अंगाने निदान शंभर पावलं लांब, द्रव किंवा धूर दिसला तर त्याच्या कितीतरी पट. गुरं-पोरं हाकला. लांबून झूम करून फोटो, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून. 112. पोलीस पाटील आणि तलाठ्याला कळवा. कोणी आधीच हात लावला असेल तर त्यांची नावं लिहून ठेवा.

ऑस्ट्रेलियात जुलै 2023 मध्ये ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर माणसाहून उंच नळकांडं वाहून आलं. धोकादायक नाही हे कळेपर्यंत पोलिसांनी पहारा ठेवला, लोकांना लांब ठेवलं. पुढे ते पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं असल्याचं ठरलं. आपलंच पोर निघालं! तुकडे असे महिनोन्महिने पाण्यात फिरतात, म्हणून जाळ्यात आलेलं अनोळखी धातूचं काही होडीत ओढू नका. जागा टिपा, जाळं कापावं लागलं तर कापा.

काचसामान

आवाज आणि काचा राहिल्या. तळाजवळ स्फोट झाला तर उजेड लगेच दिसतो, धक्का आवाजाच्या वेगाने येतो. किलोमीटरला 3 सेकंद. 10 किलोमीटरवर अर्धं मिनिट मिळतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात लोक काय करतात? खिडकीशी येतात. 15 फेब्रुवारी 2013 ला चेल्याबिन्स्कला उल्का फुटली तेव्हा दीडेक हजार जण जखमी झाले, त्यातले बहुतेक काचांनी. लखलखाट दिसला की खिडकीकडे पाठ आणि आतल्या भिंतीला.

टेक्सासात बोका चिकाच्या रहिवाशांना 2020 मध्ये स्पेसएक्सच्या रॉकेट-चाचणीआधी उलटी सूचना दिली होती: सायरन वाजला की घराबाहेर या. घरात काच, बाहेर मोकळं. गोंधळून जायचं कारण नाही. विषारी ढगाची भीती असेल तर आत, नुसत्या धक्क्याची असेल तर काचेपासून लांब. सूचना कुठली आहे ते नीट ऐका.

खाडीकाठ

ओडिशात चांदीपूरच्या क्षेपणास्त्र चाचण्यांआधी जवळच्या गावांना तात्पुरत्या छावणीत हलवतात आणि दिवसाचा भत्ताही देतात. पळवेर्काडूच्या होडीला उड्डाणाच्या दिवशी तसा भत्ता का नसावा, हा प्रश्न मला रास्त वाटतो. दिवस बुडतो, आणि राखीव दिवस धरले तर दोन-तीन.

कोळंबी

+१. पोटाला चिमटा बसतो म्हणूनच माणूस सव्वानऊपर्यंत आत राहतो. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते, त्या काळातल्या उड्डाणाला हा तंटाच नसतो.

कलमकसाई

भरपाईबद्दल एक गैरसमज. 1972 च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार जमिनीवर नुकसान झालं तर प्रक्षेपण करणारं राष्ट्र पूर्ण जबाबदार, चूक सिद्ध करावी लागत नाही. पण दावा सरकार सरकारवर करतं, माणूस नव्हे, आणि मुदत एक वर्षाची. शिवाय स्वतःच्याच नागरिकांना हा करार लागू नाही. लाडबोरीत घर पडलं असतं तर भारत चीनकडे मागू शकला असता. आपल्याच रॉकेटने आपली होडी फोडली तर देशातला कायदा. दोन्हीकडे पहिला कागद पंचनाम्याचाच. तुकडा हलवण्याआधी तो करून घ्या.

दिगंश_१४०

कुलशेखरपट्टणमसाठी एक नोंद. तिथल्या मुत्तारम्मन देवळाच्या दसऱ्याला प्रचंड गर्दी होते, तिरुचेंदूरही जवळच. श्रीहरिकोट्याचं सरोवर तिथे नाही, रस्ते आणि यात्रेकरू तळाच्या बरेच जवळ. तिथे रस्ता कधी बंद, कधी चालू हे दसऱ्याच्या आधीच फलकावर लागायला हवं. उड्डाणाच्या सकाळी सांगून भागणार नाही.

निरांजन

सारंगदादा, शेवटची शंका. इशाऱ्यात "14 तारीख 2130 पासून" असं असेल तर 14 च्या रात्री साडेनऊला बाहेर व्हायचं ना?

दर्यासारंग

नाही. 2130 मध्ये साडेपाच मिळवा, सत्तावीस होतात. म्हणजे आपली 15 तारीख, पहाटे 3. शेवटचं जाळं 14 च्या रात्री 11 ला उचलायचं.